ई-लॅब-एफटीडब्ल्यू: मेंदू-संशोधनाच्या सामायिक केंद्रात यंत्रांच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर

ज्यांच्याकडे कॉन्फोकल मायक्रोस्कोप (लेझरने पेशींची थराथराने चित्रं घेणारं यंत्र) एकच आहे आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या प्रयोगशाळा चार-पाच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोव्यातल्या एका सामायिक न्यूरोसायन्स केंद्राचं प्रशासन मी बघते. डॉक्टर, जीवशास्त्रवाले आणि सिग्नलचं गणित करणारे इंजिनियर इथे एकाच इमारतीत काम करतात. पगार वेगवेगळ्या संस्थांचे, ग्रँट वेगवेगळ्या, सुट्ट्यांच्या याद्यासुद्धा वेगवेगळ्या. यंत्रं मात्र सगळ्यांना तीच. मी शास्त्रज्ञ नाही. डिचोलीला मराठी शाळेत शिकले, बी.कॉम. केलं आणि नोकरीची सगळी वर्षं हिशेब आणि आस्थापना यांतच गेली. त्यामुळे हे परीक्षण प्रशासनाच्या टेबलावरून केलेलं आहे. प्रयोगाच्या वहीत समीकरणं नीट उमटतात की नाही, हे संशोधकांनी सांगावं.

ई-लॅब-एफटीडब्ल्यू ही मुळात प्रयोगाची इलेक्ट्रॉनिक वही. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये निकोला कार्पी यांनी ती सुरू केली. २०१७ साली तिच्यावरचा लेख ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’मध्ये आला. एजीपीएल परवान्याखालचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे विकत न घेता आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं. वहीच्या जोडीला दोन गोष्टी येतात: ‘रिसोर्सेस’ नावाची यादी, जिच्यात यंत्रं, रसायनं, अँटिबॉडी काहीही नोंदवता येतं, आणि त्या यादीतल्या यंत्रांचं बुकिंग करायचं ‘शेड्यूलर’. आम्ही ते आणलं शेड्यूलरसाठी. वही लोकांनी आपणहून वापरायला घेतली.

त्याआधी दोरी बांधलेलं रजिस्टर होतं. गोव्यात वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत रजिस्टरचं पान असं मऊ पडतं की बॉलपेन त्यावर घसरतं आणि शाईच्या पेनाने लिहिलं तर फुटतं. रजिस्टरच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर ‘उद्या सकाळी मी’ असा मेसेज टाकला की यंत्र आपलं झालं असं प्रत्येक जण धरून चालायचा. मधल्या काळात एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअरही बघितलं. चांगलं होतं, पण दर यंत्रामागे वर्षाचं भाडं आणि तेही परकीय चलनात. सरकारी ग्रँटमध्ये यंत्र घ्यायला पैसे मिळतात, यंत्राचं कॅलेंडर घ्यायला कोणत्या हेडखाली मागायचे, हा प्रश्न सुटला नाही.

वेळापत्रकाला एवढं महत्त्व का, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही, म्हणून एक सकाळ सांगते.

आमच्याकडे पॅच-क्लॅम्पचं एक रिग आहे. मेंदूच्या पेशीला काचेची अत्यंत बारीक नळी टेकवून तिच्यातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायची ही पद्धत. तिच्यासाठी नेहेर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं. रिग म्हणजे कंपनं शोषून घेणारं जड टेबल, त्यावर मायक्रोस्कोप आणि भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. पण काम तिथे सुरू होत नाही. आधी उंदराचा मेंदू काढावा लागतो, बर्फासारख्या गार द्रावात ठेवावा लागतो आणि व्हायब्राटोमवर, म्हणजे थरथरत्या पात्याने काप करणाऱ्या यंत्रावर, त्याचे साधारण ३०० मायक्रोमीटर जाडीचे काप करावे लागतात. मग ते काप ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडलेल्या द्रावात तासभर स्थिरावू द्यायचे. त्यानंतर ते कामाचे राहतात सहा ते आठ तास. म्हणजे व्हायब्राटोम आठला हवा असेल तर रिग दहाच्या सुमाराला मोकळंच हवं. त्या दोन यंत्रांची बुकिंगं दोन वेगळ्या रजिस्टरांत असतील आणि रिगवर दुसरं कोणी बसलेलं असेल, तर त्या कापांचं काहीच करता येत नाही. टाकून द्यावे लागतात. त्या कापांसाठी एक प्राणी मारलेला असतो.

हे मला सहन होत नाही. प्राणी प्रयोगासाठी वापरायचे की नाहीत, यावर माझ्या घरातही वाद होतात आणि मी दोन्ही बाजू ऐकून घेते. पण वापरायचे ठरल्यावर, समितीने मंजुरी दिल्यावर, आमच्या पाळ्या जुळल्या नाहीत म्हणून एक जीव वाया जावा, याला कोणतंच समर्थन नाही. या सॉफ्टवेअरला मी जे गुण देते आहे त्यातले निम्मे याच एका गोष्टीसाठी आहेत: व्हायब्राटोम आणि रिग एकाच कॅलेंडरवर, एकाखाली एक दिसतात. संशोधक आधी रिग पकडतो, मग मागे येऊन व्हायब्राटोम. दोन्ही मिळाले तरच अ‍ॅनिमल हाऊसला, म्हणजे प्राणी ठेवतात त्या विभागाला, उंदीर मागायचा, असा नियम आता आम्ही केला आहे.

आता यंत्राच्या पानावरच्या मर्यादांविषयी. प्रशासनातल्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. प्रत्येक रिसोर्सला ‘बुक करता येईल’ असं ठरवल्यावर काही अटी घालता येतात: एका वेळी जास्तीत जास्त किती मिनिटं, एका माणसाला पुढची किती बुकिंगं एकदम धरता येतील, दोन बुकिंगं एकमेकांवर चढू द्यायची का, आणि रद्द करायचं असेल तर किती आधी. वरवर साध्या वाटतात, पण सामायिक केंद्रातली निम्मी भांडणं याच चार आकड्यांत असतात. कॉन्फोकलला आम्ही चार तासांची मर्यादा घातली. पॅच रिगला अख्खा दिवस, कारण अर्ध्या दिवसाला तिथे अर्थच नाही. क्रायोस्टॅटला, म्हणजे गोठवलेल्या ऊतींचे काप करणाऱ्या यंत्राला, दोन तास. आणि पुढची बुकिंगं प्रत्येकी तीनच. त्याआधी एक गट महिन्याभराच्या सगळ्या सकाळी धरून ठेवायचा आणि त्यातल्या निम्म्या सोडून द्यायचा. नव्या पोरांना संध्याकाळी सातनंतरचे तास उरायचे. सातनंतर शेवटची बस चुकते, मुलींनी काय करायचं? तीनची मर्यादा घातल्यावर ज्येष्ठ मंडळी नाराज झाली. मी त्यांना कॅलेंडर दाखवलं, त्यातल्या रिकाम्या सकाळी दाखवल्या. पुढे कोणी हा विषय काढला नाही.

हे आकडे कोणी ठरवायचे, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही आणि सांगू शकत नाही. ते आधी बैठकीत ठरवा, इतिवृत्तात लिहा, सगळ्या प्रयोगशाळाप्रमुखांच्या सह्या घ्या आणि मगच पडद्यावर भरा. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक तक्रार अ‍ॅडमिनच्या नावावर येते.

एक बारकी गोष्ट, जिच्याकडे कोणत्याही जाहिरातीत लक्ष दिलेलं नसतं. आमच्या जुन्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपला मर्क्युरी लॅम्प आहे. हा लॅम्प साधारण २०० ते ३०० तास चालतो. पण तासांइतकंच महत्त्व तो किती वेळा पेटवला याला असतं. दर पेटवण्याला इलेक्ट्रोड झिजतो. पेटवला की किमान अर्धा तास चालू ठेवायचा आणि विझवला की अर्धा तास गार होऊ द्यायचा, तोवर हात लावायचा नाही. आमचे जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते पूर्वी दर वेळी माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारायचे, “बाय, लॅम्प बंद करूं काय दवरूं?” (बंद करू की ठेवू?) मला तरी कुठून माहीत, पुढे कोण येणार आहे! आता मायक्रोस्कोपशेजारी भिंतीवर जुना टॅब लावला आहे, त्यावर त्या यंत्राचा दिवस उघडा असतो. पुढचं बुकिंग तासाभरात असेल तर काका लॅम्प चालू ठेवतात, नसेल तर बंद करतात आणि केव्हा केला ते नोंदवतात. काकांना विचारायला यावं लागत नाही. लॅम्पचे तास कुठवर आलेत तेही आता हाताशी असतं, त्यामुळे नवा लॅम्प मागवायचं इंडेंट वेळेवर निघतं.

दुसरा मोठा फायदा म्हणजे बुकिंगला प्रयोग जोडता येतो. कॅलेंडरवरच्या चौकोनावर टिचकी मारली की त्या वेळी कोणता प्रयोग चालला होता ते पान उघडतं. आम्ही प्रयोगाच्या टेम्प्लेटमध्ये मंजुरी क्रमांकाचा रकाना आधीच घालून ठेवला आहे. प्राण्यांवरच्या कामाला इन्स्टिट्यूशनल अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. ही सगळी व्यवस्था १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीच्या देखरेखीत येते, तिला आधी सीपीसीएसईए म्हणत आणि आता सीसीएसईए. मंजुरीत प्राण्यांची संख्या ठरलेली असते. कोणत्या मंजुरीखाली कोणत्या दिवशी किती प्राणी वापरले, ही नोंद तपासणीच्या वेळी मागितली जाते. पूर्वी हे जुळवायला अ‍ॅनिमल हाऊसचं रजिस्टर, यंत्राचं रजिस्टर आणि संशोधकाची वही असे तीन कागद समोर घेऊन बसावं लागायचं. आता मंजुरीचा क्रमांक शोधात टाकला की त्याखालचे प्रयोग एका ठिकाणी येतात. संशोधकाने क्रमांक लिहिलेला असला पाहिजे, ही अट आहेच. त्यासाठी आठवड्याला एकदा आमची लिपिक रिकामे रकाने बघते आणि त्या मुलांना फोन लावते. सॉफ्टवेअर आलं म्हणून हे काम संपलेलं नाही, फक्त तासांवरून मिनिटांवर आलं आहे.

माणसांवरच्या कामात, म्हणजे आमच्या ईईजीच्या (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युतसंकेत नोंदवायच्या चाचणीच्या) खोलीत, वेगळी काळजी घ्यावी लागते. ६४ इलेक्ट्रोडची टोपी बसवायची, प्रत्येक ठिकाणी जेल भरायचं, सिग्नल नीट येतोय का बघायचं, यात बराच वेळ जातो. नंतर त्या माणसाने केस धुवायचे आणि टोपी धुऊन वाळत घालायची. ज्यांच्यावर चाचणी होते ते पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठूनही आलेले असतात, रोजचं काम बुडवून. त्यांना खोली रिकामी नाही म्हणून बाहेर बाकावर बसवणं शोभत नाही. म्हणून ईईजीच्या बुकिंगमध्ये केस आणि टोपी धुण्याचा वेळ धरूनच तास घ्यायचे, असा नियम यंत्राच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिला आहे. आणि त्याखाली दुसरी ओळ, ठळक अक्षरांत: बुकिंगच्या मथळ्यात माणसाचं नाव लिहू नये, फक्त कोड. हे कॅलेंडर सगळ्यांना दिसतं. कोण आकडीच्या तपासणीसाठी आलं होतं, हे गोव्यासारख्या लहान जागी शेजारच्या खोलीतल्या मुलाला कळलं की गावात पोचायला वेळ लागत नाही.

गोपनीयतेवरूनच मांडणीबद्दल थोडं. सॉफ्टवेअरमध्ये ‘टीम’ आणि टीमच्या आत ‘ग्रुप’ असे दोन थर आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेची टीम वेगळी करावी, असं पहिल्यांदा कोणालाही वाटेल. आम्ही विचार करून अख्ख्या केंद्राची एकच टीम ठेवली आणि प्रयोगशाळांचे ग्रुप केले. त्यामुळे यंत्रं आणि कॅलेंडर सगळ्यांचं, पण प्रयोगाचं पान ज्याच्या त्याच्या ग्रुपपुरतं. माझ्यासारख्या सामायिक केंद्रांना हीच मांडणी सुचवीन. शोधाच्या हक्कावरून कधी प्रश्न आला तर वहीच्या पानावर टाइमस्टँप लावायची सोय आहे. आरएफसी ३१६१ या मानकाप्रमाणे पानाचा फक्त अंकीय ठसा बाहेरच्या वेळ-प्रमाणन सेवेकडे जातो, मजकूर आपल्याचकडे राहतो. आमच्या इंजिनियर मंडळींना ही सोय फार आवडली.

वर्षअखेरीला ग्रँट देणाऱ्यांना अहवाल जातो. पैशांचं युटिलायझेशन सर्टिफिकेट सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात जातं, ते हिशेब विभागाचं काम. पण प्रगती अहवालात यंत्र किती तास वापरलं गेलं, बाहेरच्या किती लोकांनी वापरलं, हे विचारतात. शेड्यूलरची नोंद सीएसव्ही फाइलमध्ये काढता येते. ती एक्सेलमध्ये उघडून यंत्रवार बेरीज करायची. लोकांनी बुक केलेले तास आणि खरोखर वापरलेले तास यांत फरक असतो, म्हणून आम्ही काकांच्या नोंदीशी ताडून बघतो आणि मगच आकडा पाठवतो.

इथेच त्याची मर्यादाही सांगते. यंत्र चालू आहे की बंद, हे कॅलेंडरला कळत नाही. बुकिंग न करता कोणी लेझर सुरू केला तर ते थांबवणारी कळ त्यात नाही. ती शिस्त माणसांनीच ठेवायची. दुसरं, ते बसवायला डॉकर (सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवायचं आणि चालवायचं साधन) हाताळणारा माणूस हवा. आमच्याकडे इंजिनियर होते म्हणून निभावलं. नुसती जीवशास्त्राची प्रयोगशाळा असेल तर आधी असा माणूस शोधा, आणि तो पुढेही असेल याची खात्री करा. कंत्राटी मुलाने बसवून दिलं आणि कंत्राट संपल्यावर पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, असं दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मी एका ठिकाणी बघितलं आहे. तिसरं, आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमधल्या मदतनिसांना इंग्रजी पडद्यावर काम करणं जड जातं. त्यांच्यासाठी रोज सकाळी आमची लिपिक त्या दिवसाची यादी मराठीत टाइप करून दारावर लावते: कोणत्या खोलीतले उंदीर, किती वाजता, कोणाकडे. हे काम कमी करायची इच्छा आहे, पण मदतनिसांनी पडद्यासमोर अडखळत उभं राहण्यापेक्षा हे बरं.

एक वापर मात्र आम्हालाच सुचला आणि त्याचा मला अभिमान आहे. यंत्रांसारखीच आम्ही ‘सणाची ड्युटी’ अशी एक रिसोर्स केली. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडे कार्यालय ओस पडतं, जो तो आपल्या गावच्या घरी. पण उंदरांना खाणं-पाणी रोज लागतं, त्यांच्या खोलीतले दिवे बारा तास चालू आणि बारा तास बंद असे ठरल्या वेळेला बदलले की नाही ते बघावं लागतं, आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरचा अलार्म वाजला तर कोणीतरी पोचावं लागतं. पूर्वी ही पाळी माझ्या विनवण्यांवर चालायची. आता महिनाभर आधी दिवस उघडतात आणि लोक स्वतः नाव घालतात. ख्रिश्चन सहकारी चवथीचे दिवस घेतात, हिंदू सहकारी डिसेंबरातलं फेस्त (चर्चचा सण) आणि नाताळ घेतात. हे आधीही होत होतं, पण तोंडी होतं आणि त्याच त्या दोघा-तिघांवर पडत होतं. आता कोणी किती पाळ्या केल्या ते सगळ्यांसमोर असल्यामुळे मागे राहिलेले स्वतःच पुढे येतात.

फ्रीजरचंही असंच पान केलं आहे. कोणत्या रॅकवर कोणाची पेटी, बिघाडाला कोणाला फोन करायचा, जवळचा दुसरा फ्रीजर कोणता आणि त्यात किती जागा राखून ठेवली आहे. त्या पानाचा क्यूआर कोड छापून फ्रीजरच्या दारावर चिकटवला आहे. मे-जूनमध्ये विजांचा कडकडाट सुरू झाला की वीज जाते-येते, आणि रात्री धावत आलेला माणूस बहुधा फ्रीजरचा मालक नसतो. त्याला फोनवर सगळं दिसलं पाहिजे. पण सर्व्हरलाच वीज नसेल तर क्यूआर कोडही उघडणार नाही, म्हणून तेच पान छापून, लॅमिनेट करून शेजारी टांगलं आहे. कागद पूर्ण सोडू नका, असं मी आवर्जून सांगेन.

पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा कापला तो सॉफ्टवेअर फुकट असलं तरी त्याला लागणारा माणूस फुकट मिळत नाही म्हणून. एकाच प्रयोगशाळेची दोन-तीन यंत्रं असतील तर साधं रजिस्टर पुरे आहे, उगाच सर्व्हर मांडून बसू नका. वेगवेगळ्या संस्थांचे लोक एकाच यंत्रावर येत असतील तर मात्र जरूर घ्या.

बसवणार असाल तर बॅकअपकडे पहिल्या दिवसापासून बघा. तीन गोष्टी जपायच्या: डेटाबेसची प्रत, लोकांनी चढवलेल्या फाइलींचा फोल्डर, आणि कॉन्फिगरेशनची फाइल, जिच्यात गुप्त ‘की’ (सांकेतिक किल्ली) असते. तिसरी गोष्ट लोक विसरतात. आमच्याकडे एक प्रत इमारतीबाहेर ठेवतात आणि दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतात. त्या दिवशी मी स्वतः शेजारी बसते आणि गेल्या वर्षीच्या कोणत्याही एका तारखेचं बुकिंग उघडून दाखवायला सांगते. ते, त्याला जोडलेला प्रयोग आणि मंजुरीचा क्रमांक हे तिन्ही दिसले की सही करते.